मस्टरवर नसलेल्या माणसांपर्यंत: शाळेत रोजची माहिती सगळ्यांना वेळेवर कशी कळवावी

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला ठरलं की उद्या शनिवारची शाळा एक तास आधी, म्हणजे साडेदहालाच सोडायची. तालुक्यातल्या शिक्षकांची बैठक होती. मी लगेच शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकली. रात्रीपर्यंत सगळ्यांनी ती वाचल्याचं दिसत होतं, मी निर्धास्त झोपलो. शनिवारी साडेदहाला घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून निघाली, आणि स्वयंपाकघराच्या दारात पोषण आहाराच्या दोन्ही ताई तशाच उभ्या राहिल्या. आत खिचडीची दोन मोठी पातेली होती. पाचवीची ४० मुलं माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीची १४० मुलं माणशी १५० ग्रॅम, म्हणजे २५ किलो तांदूळ शिजत आलेला. त्यांची वेळ नेहमीप्रमाणे अकराची होती. "सर, आम्हाला कुणी सांगितलंच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. दोघी ग्रुपमध्ये नव्हत्या. त्यांच्यापैकी एकीकडे तर साधा बटणांचा फोन आहे.

आम्ही धावत जाऊन फाटकापाशी मुलं थांबवली. अर्धी तोवर गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि आमच्याकडे सूचना कशी जाते हे पहिल्यापासून लिहून काढलं. पुढे दोन वर्षं त्यात दुरुस्त्या करत जी पद्धत बसली, ती इथे मांडतो आहे. आमची शाळा तालुक्याच्या गावातली, पाचवी ते दहावीची, अनुदानित. मी तिथे पर्यवेक्षक आहे. तुमची जिल्हा परिषदेची चार शिक्षकी शाळा असेल तर यातलं अर्धंच पुरेल, मोठी दोन सत्रांची शाळा असेल तर थोडं वाढवावं लागेल.

आधी माणसं मोजा

एक कोरा कागद घ्या आणि सकाळी शाळेच्या फाटकाजवळ उभे राहा. आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा. हे काम मस्टर उघडून करू नका, कारण चूक मस्टरमध्येच दडलेली असते. आमच्या मस्टरवर २६ नावं आहेत. फाटकाजवळ मोजली तेव्हा ३७ झाली. वरचे अकरा जण कोण? पोषण आहाराच्या दोन ताई, घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, येणारे चित्रकला आणि संगणकाचे शिक्षक, रात्रीचे वॉचमन, साफसफाईच्या मावशी, मुलांना आणणारे तीन रिक्षावाले काका आणि त्या महिन्यात पाठ घ्यायला आलेल्या बी.एड.च्या दोन छात्राध्यापिका. शाळेची वेळ बदलली, मैदान बंद ठेवलं, पाण्याची टाकी धुवायला काढली तर या अकरांपैकी निम्म्यांना तरी शिक्षकांच्याही आधी कळायला हवं.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: फोन कोणता आहे, शाळेत यायची वेळ काय, आणि निरोप नक्की कोण देणार. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. "मामा सांगतील" असं मोघम चालत नाही. आमच्या यादीत ताईंपुढे पोषण आहाराची नोंद ठेवणाऱ्या बाईंचं नाव आहे, रिक्षावाल्या काकांपुढे धाकट्या शिपाईमामांचं, वॉचमनपुढे मोठ्या मामांचं आणि घड्याळी तासिकेच्या शिक्षकांपुढे माझं. निरोप दिला की त्यांनी मला "सांगितलं" एवढा शब्द कळवायचा. ही यादी दर जूनमध्ये नव्याने करतो आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासतो, कारण मधल्या काळात माणसं बदललेली असतात.

कोणती माहिती कुठे मिळणार हे एकदाच ठरवा

आमच्या शिक्षक कक्षात पूर्वी सूचना पाच ठिकाणी असायची: वहीत, फळ्यावर, ग्रुपवर, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या परिपत्रकात आणि कुणाच्या तरी तोंडी. चित्रकलेची ग्रेड परीक्षा कधी असं विचारलं की तीन तारखा मिळायच्या. आता असं ठरलं आहे की आजचं जे काही आहे ते फळ्यावर, या आठवड्याचं आठवडापत्रकावर, वर्षाचं नियोजनाच्या तक्त्यावर आणि जो आदेश आहे, ज्याची उद्या कुणी विचारणा करू शकतं, तो सूचना वहीत. ग्रुप फक्त निरोप्या. ग्रुपवर आलेलं आणि वहीत लिहिलेलं यांत फरक पडला तर वही खरी. हा नियम जूनच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहून घेतला, तेव्हा कुठे वाद थांबले.

सूचना वही: लिहायची कशी, फिरवायची कशी

वही जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक घातलेली असावी. सूचनेचा क्रमांक दर जूनला १ पासून सुरू करावा. डाव्या बाजूला सूचना, उजव्या बाजूला नावं आणि सहीची जागा. इथपर्यंत बहुतेक शाळांत असतंच. गडबड पुढे होते.

पहिली गडबड भाषेची. माझ्याच हातची जुनी सूचना पाहा: "सर्व शिक्षकांना सूचित करण्यात येते की, जंतनाशक दिनाच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी. सदर बाब तात्काळ व महत्त्वाची समजावी." यात सही करणाऱ्याला काहीही कळत नाही. वरून आलेल्या पत्राची भाषा आपण तशीच खाली ढकलतो. आता तीच सूचना अशी जाते:

"सूचना क्र. ३४. मंगळवारी पाचव्या तासाला, मोठ्या सुट्टीनंतर, सगळ्या वर्गांत जंतनाशक गोळी द्यायची आहे. ज्यांचा त्या वर्गावर पाचवा तास आहे त्यांनी आपल्यासमोर मुलांना गोळी चावून खायला लावावी, घरी न्यायला देऊ नये. आजारी असलेल्या किंवा दुसरं औषध चालू असलेल्या मुलांना देऊ नये, त्यांची नावं वेगळी लिहावीत. वर्गशिक्षकांनी सोमवारी शाळा सुटेपर्यंत वर्गाची यादी विज्ञानाच्या बाईंकडे द्यावी. गोळ्या आणि पाणी मामा वर्गात आणतील. काही अडलं तर विज्ञानाच्या बाईंना विचारावं."

लांब आहे, पण पुन्हा कुणी विचारायला येत नाही. कुणी, काय, कधी, कुठे, सोबत काय आणायचं आणि अडलं तर कुणाकडे जायचं, या सहा गोष्टी आल्या की सूचना पुरी झाली. "तात्काळ" हा शब्द मी काढूनच टाकला. त्याऐवजी वार आणि वेळ लिहितो. लिहून झाली की मोठ्या मामांना एकदा वाचून दाखवतो. त्यांना ऐकताक्षणी कळली तर ठीक, त्यांनी "म्हणजे कुठं जायचं?" असं विचारलं तर पुन्हा लिहितो.

दुसरी गडबड वही फिरवण्याची. चालू तासाला मामा वही घेऊन वर्गाच्या दारात येतात, शिक्षक एका हातात खडू धरून दुसऱ्या हाताने सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. अशी सही झाली तरी सूचना वाचलेली नसते, आणि मुलांचंही लक्ष जातं ते वेगळंच. म्हणून तासाला वही फिरवणं आम्ही बंद केलं. वही सकाळी मस्टरशेजारी उघडी असते, मस्टरवर सही करताना सूचना वाचायची आणि तिथेच सही. दुपारी काही निघालं तर वही मोठ्या सुट्टीत शिक्षक कक्षात येते. अगदीच अडलं, म्हणजे पुढच्याच तासाला काही बदल आहे, तर वही न पाठवता मी स्वतः वर्गाच्या दारापर्यंत जातो.

तिसरी गोष्ट रजेवरच्यांची. ज्या दिवशी सूचना निघाली त्या दिवशी रजेवर असलेल्याच्या नावापुढे लाल पेनने "रजा" लिहायचं. परत आल्यावर त्या लाल शब्दाखाली त्यांनी सही करायची. महिन्याच्या शेवटी लिपिक वही चाळतात. लाल शब्दाखाली जागा रिकामी दिसली की तो माणूस ती सूचना न कळताच महिनाभर काम करत होता हे समजतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात अशा नऊ जागा निघाल्या. त्यातले एक सर प्रशिक्षणाला गेले होते, आणि त्यांच्या वर्गाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जेमतेम दोन दिवसांवर आली होती.

सकाळची पंचवीस मिनिटं

दिवस सुरळीत जाईल की नाही हे परिपाठाच्या आधी ठरतं. आमचा परिपाठ पावणेअकराला असतो, मी दहा वाजून वीस मिनिटांनी फळ्यापाशी असतो. हा फळा मस्टरच्या टेबलासमोर आहे. मुद्दाम तिथे लावला, कारण शिक्षक कक्षातला फळा शिपाई, लिपिक आणि प्रयोगशाळा सहायक यांना दिसत नव्हता. त्यावर रोज पाचच ओळी:

वार, तारीख, आजचा परिपाठ कोणत्या वर्गाचा.
रजेवर कोण.
बदली तास.
आज शाळेत बाहेरचं कोण येणार.
उद्या काय.

शेवटच्या ओळीचा उपयोग पहिल्या चारांपेक्षा जास्त होतो असं माझं मत झालं आहे. "उद्या: आठवी अ ची आरोग्य तपासणी, दुसरा व तिसरा तास" हे आदल्या दिवशी दिसलं की गणिताच्या बाई आपली चाचणी पुढे ढकलतात. त्याच सकाळी कळलं तर चाचणीच्या प्रश्नपत्रिका हातात धरून उभ्या राहतात.

बदली तासांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शिक्षक कक्षातली निम्मी कटुता त्यातूनच येते. रजा घेणाऱ्याने सकाळी साडेनऊपर्यंत फोन करायचा, मेसेज चालणार नाही. फोनवर मी तीनच प्रश्न विचारतो: आज कोणते तास आहेत, कोणत्या वर्गाला काय काम द्यायचं, आणि तुमच्याकडे कुठल्या कार्यक्रमाची किंवा कागदाची जबाबदारी आहे का. दुसरा प्रश्न फार कामाचा. "नववी ब, पान ४२ वरचे शेवटचे तीन प्रश्न सोडवायला द्या" एवढं चिठ्ठीवर असलं की बदलीवर गेलेल्या शिक्षकाला वर्ग सांभाळणं सोपं जातं आणि मुलांचा तास फुकट जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलं आहे. नुसते गप्प बसवून काढलेले तास त्यात धरायला मन धजत नाही.

तास वाटताना एक छोटी वही ठेवा. कुणाला या महिन्यात किती बदली तास गेले ते तिच्यात लिहा आणि ती वही उघडी ठेवा. आधी मी डोक्यात हिशेब ठेवायचो. माझ्या मते तो बरोबर होता, इतरांच्या मते नव्हता. वही उघडी झाल्यावर तक्रार करायला येणारे वही पाहून परत जाऊ लागले. आणि बदली तास फळ्यावर लिहिला तरी त्या शिक्षकाच्या हातात चिठ्ठी द्या. कुणाचा पहिला तास दुसऱ्या मजल्यावर असतो, ते थेट वर गेलेले असतात.

परिपाठ संपल्यावर दोन मिनिटं सगळे शिक्षक मैदानातच थांबतात. मी फळ्यावरच्या फक्त बदललेल्या गोष्टी तोंडी सांगतो. दोन मिनिटांच्या वर जायचं नाही, कारण पहिल्या तासाचे वर्ग वाट पाहत असतात.

व्हॉट्सअॅप कसं वापरायचं

आता याच्याशिवाय चालत नाही, हे मान्य करूनच त्याची शिस्त लावावी लागते. आमचे दोन ग्रुप आहेत. एकात फक्त सूचना, त्यात मेसेज टाकायची परवानगी मुख्याध्यापक, मी आणि लिपिक अशा तिघांनाच. दुसरा गप्पांचा, वाढदिवसाचा, सणांच्या शुभेच्छांचा. आधी एकच होता आणि वाढदिवसाच्या चाळीस केकांखाली परीक्षेचं वेळापत्रक गडप व्हायचं.

सूचनेच्या ग्रुपवर मेसेजची पहिली ओळ कुणासाठी आहे ते सांगते: "दहावीचे वर्गशिक्षक", "सर्व", "कार्यालय". ज्याचं काम नाही तो तिथेच थांबतो. परिपत्रकाचा फोटो नुसता टाकायचा नाही. सोबत आपल्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या की यातलं आपल्या शाळेला काय करायचं आहे आणि कधीपर्यंत. चार पानांची पीडीएफ फोनच्या छोट्या पडद्यावर कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी त्यातली आपल्या कामाची ओळ सापडत नाही. आठवडाभर लागणारी सूचना ग्रुपच्या वर पिन करून ठेवता येते, त्या सोयीचा वापर करा.

आणि वेळ. संध्याकाळी सातनंतर आम्ही सूचना टाकत नाही. सुट्टी जाहीर झाली किंवा अपघात घडला तरच अपवाद. हा नियम मी आग्रहाने लावला, कारण रात्री दहा वाजता "उद्या येताना अमुक माहिती आणावी" असा मेसेज आला की सकाळी पाचला उठून डबे करणाऱ्या बाईंची झोप त्यात जाते. वरून माहिती "आजच" मागितली जाते हे खरं आहे. पण तशी माहिती वर्षातून त्याच त्याच प्रकारची लागते: पट, आधार पडताळणी, गणवेश, पाठ्यपुस्तकं, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलची आकडेवारी. वर्गशिक्षकांकडून जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये एकदा व्यवस्थित घेऊन लिपिकांकडे ठेवली तर रात्रीचे बरेचसे मेसेज लागतच नाहीत.

शनिवारचं आठवडापत्रक

दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी पुढच्या आठवड्याचं एक पान निघतं. सोमवार ते शनिवार सहा चौकोन, प्रत्येकात जास्तीत जास्त तीन ओळी. एक प्रत फळ्याशेजारी, एक स्वयंपाकघराच्या दारावर, एक मामांच्या स्टुलामागच्या भिंतीवर. स्वयंपाकघराच्या प्रतीवर शाळा सुटण्याची वेळ आणि जेवणाची वेळ लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहितो. ताईंपैकी एकीला वाचता येतं, ती दुसरीला वाचून दाखवते.

हे पान भरायला वर्षाचं नियोजन जवळ लागतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ते भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर लिहावं. ठरलेल्या तारखा आधी टाका: २१ जून योग दिन, २६ जून शाहू महाराज जयंती, १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. प्रत्येकापुढे लगेच जबाबदार शिक्षकाचं नाव. मग घटक चाचण्या, सत्र परीक्षा, सहल, स्नेहसंमेलन. शेवटी दहावीच्या बोर्डाचे दिवस. आमची शाळा परीक्षा केंद्र आहे, त्यामुळे त्या काळात खालच्या वर्गांच्या खोल्या, वेळा, पर्यवेक्षणाच्या ड्युट्या सगळंच बदलतं. ते आधीपासून तक्त्यावर असलं तर कुणी त्या आठवड्यात घरचं कार्य ठरवत नाही.

मोठा कार्यक्रम असेल तेव्हा मागून मोजत या

स्नेहसंमेलनाचं उदाहरण घेतो. कार्यक्रमाचा दिवस तक्त्यावर नक्की करा आणि तिथून मागे या. वीस दिवस आधी कामांची विभागणी वहीत: रंगमंच, ध्वनिक्षेपक, पाहुणे, बक्षिसं, मुलांची शिस्त, जेवण, पाणी, प्रथमोपचार. प्रत्येक कामाला एकच मुख्य नाव, बाकीचे मदतनीस. एका कामाला दोन मुख्य नावं दिली की दोघंही एकमेकांवर सोडतात. दहा दिवस आधी तालमींचं वेळापत्रक, कोणत्या वर्गाची मुलं कोणत्या तासाला बाहेर असतील हे स्पष्ट लिहून. विषयशिक्षकांना याचा सर्वांत जास्त त्रास होतो: तासाला वर्गात गेलं की निम्मी मुलं नाचाच्या तालमीला. कोण, किती वेळ, कधी परत, हे वर्गाच्या दारावर चिकटवलं की तो त्रास बराच कमी होतो.

तीन दिवस आधी एक कागद सगळ्या ३७ जणांना, छापील. त्यावर त्या दिवसाची वेळ तासागणिक आणि समोर नाव. आदल्या दिवशी संध्याकाळी रंगमंचासमोर उभं राहून सगळ्यांनी आपापलं काम मोठ्याने सांगायचं. हे मला फार आवडतं. मागच्या वर्षी त्यात साफसफाईच्या मावशींनी सांगितलं, "मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी दुपारी दोनला रिकामी होते, तेव्हा मोटर चालू करायला कुणीतरी हवं." आमच्यापैकी कुणाच्याही यादीत ते नव्हतं. एका मामांच्या नावावर ते काम लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींची सोय झाली.

कार्यक्रम झाल्यावर तीन दिवसांत पंधरा मिनिटं बसून पुढच्या वर्षासाठी काय लक्षात ठेवायचं ते सूचना वहीच्या शेवटच्या पानांवर लिहा. पुढच्या वर्षी जबाबदारी दुसऱ्यावर आली तर त्याला ती पानं मिळतात.

अचानक आलेली सुट्टी आणि अफवा

पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. ते बऱ्याचदा रात्री उशिरा कळतं. त्याच वेळी मागच्या वर्षीच्या आदेशाचा फोटोही ग्रुपांवर फिरत असतो. म्हणून आदेश पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख, जिल्हा आणि सही पाहायची आणि केंद्रप्रमुखांकडून किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून खात्री करायची. मग मुख्याध्यापक एकदाच सूचनेच्या ग्रुपवर टाकतात. त्याआधी कुणीही पालकांच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही.

ग्रुपबरोबर फोनची साखळीही हवी. मुख्याध्यापक पाच जणांना फोन करतात, ते पाच जण आपापल्या यादीतल्या सहा-सात जणांना. साधे फोन असलेले सगळे या साखळीत आहेत. सर्वांत शेवटच्याने मुख्याध्यापकांना "पोहोचलं" असा फोन करायचा. आम्ही जूनच्या शेवटी एकदा ही साखळी रिकामी चालवून पाहतो. पहिल्या वेळी दोन नंबर बंद निघाले.

दिवसा काही घडलं, साप निघाला, वायरिंगला आग लागली, तर घंटेचा इशारा ठरलेला आहे: न थांबता लांब घंटा, म्हणजे सगळ्यांनी वर्ग घेऊन मैदानात. हे छात्राध्यापिकांना आणि घड्याळी तासिकेच्या शिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगा. तेच सर्वांत आधी गोंधळतात.

सगळ्यांना सांगायचं नसतं असंही काही असतं

शिष्यवृत्तीच्या यादीत मुलांचे आधार क्रमांक, जात, बँक खातं असतं. ती यादी ग्रुपवर टाकू नका, ज्याचं काम आहे त्यालाच द्या. मुलाच्या घरची अडचण, आजार, कुणाविरुद्धची तक्रार या गोष्टी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यातच राहायला हव्यात. लैंगिक छळाची तक्रार आली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख कुठेही उघड होता कामा नये, अगदी शिक्षक कक्षातही. एखाद्या शिक्षकाला समज द्यायची असेल तर दार लावून समोरासमोर द्या. फळ्यावर किंवा ग्रुपवर कुणाचं नाव घेऊन "वारंवार सूचना देऊनही" असं लिहिलं की पुढचे सहा महिने तो माणूस कुठलीच सूचना मनापासून वाचत नाही.

उलट दिशेनेही येऊ द्या

महिन्याच्या बैठकीत शेवटचा प्रश्न माझा असतो: या महिन्यात तुम्हाला काय उशिरा कळलं? कुणी उशिरा सांगितलं हे विचारत नाही. पहिल्या दोन बैठकांत सगळे गप्प होते. तिसऱ्या बैठकीत ग्रंथपाल बाई म्हणाल्या की वाचन प्रेरणा दिनाला ग्रंथालयातली टेबलं बाहेर नेणार हे त्यांना टेबलं उचलताना कळलं. तेव्हापासून कुणाची खोली, सामान किंवा तास घेतला जाणार असेल तर त्या व्यक्तीला वहीच्या आधी तोंडी विचारायचं ठरलं. शिपाई आणि पोषण आहाराच्या ताई शिक्षकांच्या बैठकीत सहसा बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याशी मी वेगळा, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बोलतो.

अधूनमधून एक तपासणी करा. दुपारी कुणाही दोघांना विचारा, "उद्या शाळेत काय आहे?" एक शिक्षक आणि एक मस्टरवर नसलेलं माणूस. दोघांचं उत्तर एकच आलं तर फळा नीट चालू आहे. ताईंना मी हे दर शुक्रवारी विचारतो. आता मी विचारायच्या आधीच त्या सांगतात, "उद्या साडेअकराला सुटणार ना? अकराला वाढतो."

सुरुवात करायची तर सगळं एकदम करू नका. येत्या सोमवारी फाटकाजवळ उभं राहून यादी करा आणि मंगळवारपासून फळ्यावर पाच ओळी लिहायला लागा. बाकीचं महिनाभरात बसतं. आणि आपण रजेवर गेल्यावर फळा कोण लिहिणार हे त्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे ते नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे, आणि वहीच्या कपाटाची दुसरी किल्ली मोठ्या मामांकडे.